नभोवाणी आणि कोकणचे गाणे

मुंबईहून दक्षिणेस समुद्रमार्गाने निघाले म्हणजे सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर हर्णे बंदर लागते, आणि तेथून आणखी नव्वदेक किलोमीटर पुढे गेले म्हणजे रत्नागिरी येते. ह्या बंदराने आजवर नाना प्रकारचे आवाज ऐकले आहेत. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि काठावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला असा हा बंदोबस्त. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या तोफांनी सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला, तो गडगडाट ह्याच किनाऱ्याने ऐकला. पुढे आगबोटींचा काळ आला. बोट दूर पाण्यात उभी राही, तिचा भोंगा वाजे आणि मुंबईचा चाकरमानी पडावात उतरून काठाला लागे. सायंकाळी वाळूवर मासळीचा लिलाव सुरू झाला म्हणजे जो गलबला उठतो, तो तर आजही ऐकावयास मिळतो.

विसाव्या शतकात ह्या आवाजांत आणखी दोघांची भर पडली. त्या दोघांचा बोलणारा मात्र दिसत नव्हता. पहिला आवाज उत्तरेकडून, मुंबईहून, १९२७ साली निघाला. दुसरा दक्षिणेकडून, रत्नागिरीहून, १९७७ साली निघाला. मधे पन्नास वर्षे गेली. पहिला आवाज एका महानगराचा होता व त्याने कोकणच्या गाण्याकडे पाहुण्याच्या नजरेने पाहिले. दुसरा आवाज घरचा होता. पाहुण्याच्या तोंडून आपले गाणे ऐकणे आणि घरच्याच्या तोंडून ऐकणे, ह्यांत जो फरक आहे, तो केवळ रसिकतेचा आहे की त्यात आणखी काही गुंतलेले आहे, हा प्रश्न शहरात बसून नभोवाणी ऐकणाऱ्यांनीही विचारात घ्यावा असा आहे.

कोकणचे गाणे म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. दापोली, खेड, चिपळूण, मंडणगड ह्या भागांत गौरी-गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचतात. मध्यभागी गाणारे आणि ढोलकीवाला, आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले नाचणारे, अशी ही मांडणी असते. त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असून एकाने प्रश्न घालावा आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर द्यावे, असा रात्रभर सामना चालतो. शक्तीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व सांगतात, तुरेवाले शिवाचे. आणि पुराणांतील दाखले निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या शाहिरांच्याही जिभेवर असतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, त्या सुमारास खेळे निघतात. मृदंग आणि टाळ ह्यांच्या साथीवर नमन होते, गण आणि गौळण होते, काळ्या वेषातला संकासुर येऊन पोरांना भिववितो व हसवितो. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला आणि शिमग्याला गाणी होतात. दालदी मच्छीमारांच्या घरांतून लग्नाची गाणी कोकणी बोलीत म्हटली जातात. दक्षिणेकडे सावंतवाडी-कुडाळच्या बाजूस दशावतार उभा राहतो. भजन तर वाडीवाडीत आहे. आणि ह्या सर्वांच्या खाली, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या पाण्याच्या झऱ्याप्रमाणे, बायकांचे गाणे वाहत असते: जात्यावरच्या ओव्या, गौरीपुढच्या फुगड्या, भातलावणीच्या चिखलात वाकून म्हटलेली गाणी.

ह्या सर्व गाण्यांत एक गोष्ट समान आहे. ह्यांपैकी एकही गाणे केवळ ऐकण्यासाठी जन्मलेले नाही. प्रत्येकाला त्याची तिथी आहे, जागा आहे आणि काम आहे. शिमगा नसता खेळे काढीत नाहीत, जाते फिरत नसता ओवी सुचत नाही. गाणारा आणि ऐकणारा असे दोन वेगळे वर्गही तेथे नाहीत. जो आज ऐकतो, तो उद्या नाचतो. उलट नभोवाणी हे यंत्रच असे आहे की, त्याच्या एका टोकाला एकटा गाणारा व दुसऱ्या टोकाला हजारो मुके ऐकणारे. तेव्हा ही दोन शास्त्रे मुळातच एकमेकांस अपरिचित होती. त्यांची गाठ कशी पडली, ह्याचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो.

१९२३ च्या जून महिन्यात मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौसेखातर पहिले प्रक्षेपण केले. पुढील वर्षी मद्रासेतही असाच क्लब उभा राहिला. चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते झाले. पुढील महिन्यात कलकत्त्यासही दुसरे केंद्र सुरू झाले. ह्या केंद्रांच्या प्रक्षेपकांची शक्ती प्रत्येकी अवघी दीड किलोवॅट होती. ऐकणाऱ्याने वर्षास दहा रुपयांचा परवाना काढावा आणि त्यातील आठ रुपये कंपनीस मिळावेत, अशी व्यवस्था ठरली. परंतु पहिल्या वर्षाअखेर साऱ्या देशात परवाने निघाले ते साडेतीन हजारांच्या आसपास. जमाखर्चाचा मेळ बसेना आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले. मग सरकारने ते खाते आपल्याकडे घेतले. १९३१ साली तेही बंद करण्याचा हुकूम सुटला होता, पण लोकांच्या आग्रहामुळे तो मागे घ्यावा लागला.

ह्या बाल्यावस्थेत मुंबई केंद्राचे कान कोणाकडे लागलेले असणार, हे उघड आहे. दहा रुपयांचा परवाना आणि त्याहून कितीतरी महाग यंत्र ज्यांस परवडे, त्यांच्याकडे. युरोपीय वाद्यवृंद, बड्या गवयांच्या बैठकी, नाटकांतील पदे आणि व्याख्याने, ह्यांनी वेळ भरून जाई. हर्ण्याच्या नाखव्याचा तेथे कोणी विचार केला असेल असे मानण्याचे कारण नाही.

तथापि निसर्गाने येथे एक गंमत करून ठेविली आहे. मध्यमलहरी जमिनीवरून जाताना लवकर क्षीण होतात, डोंगर आडवे आले तर अधिकच. खाऱ्या पाण्यावरून मात्र त्या फार लांब जातात, कारण समुद्राचे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. मुंबईहून हर्ण्यापर्यंतची वाट बहुतेक सारी पाण्यावरूनच आहे. त्यामुळे घाटावरील एखाद्या जवळच्या गावापेक्षाही किनाऱ्यावरील बंदरास मुंबईचा आवाज अधिक स्वच्छ मिळावा, अशी ही रचना होती. उणीव होती ती यंत्राची आणि विजेची. त्या काळची झडपांची यंत्रे विजेवाचून चालवावयाची तर जड बॅटऱ्या लागत, आणि त्या पुनःपुन्हा भरून आणाव्या लागत. सारांश, लहरी हर्ण्याच्या वाळूवर येऊन फुकट परत जात होत्या. त्यांस उतरून घेणारे कोणी नव्हते.

१९३५ च्या ऑगस्टात लायनेल फील्डन हे गृहस्थ नभोवाणीचे नियंत्रक म्हणून विलायतेहून आले. ८ जून १९३६ रोजी ह्या खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. नवी केंद्रे निघू लागली, लघुलहरींचे प्रक्षेपक बसले आणि खेड्यांतील लोकांसाठी म्हणून वेगळे कार्यक्रम होऊ लागले. लोकगीतास नभोवाणीच्या घरात पहिली जागा मिळाली ती ह्या ग्रामीण कार्यक्रमांच्या ओसरीवर. शेतकी खात्याची माहिती, बाजारभाव, रोगराईसंबंधी उपदेश, आणि मधून मधून विरंगुळा म्हणून एखादे गाणे. औषधाबरोबर गूळ द्यावा तसे ते होते. गाण्यासाठी म्हणून गाणे, ही प्रतिष्ठा माजघरातील शास्त्रीय संगीताकडे राहिली.

आणि जे गाणे ओसरीवर आले, तेही छाटून आले. त्या काळी बहुतेक सर्व कार्यक्रम प्रत्यक्ष गाऊन होत. घड्याळाचा काटा सरकला की गाणे संपलेच पाहिजे. ग्रामोफोनच्या तबकडीने तर ही मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांवर आणून ठेविली होती. ज्या जाखडीचा एकेक सवाल उलगडावयास अर्धी रात्र लागे, तिने तीन मिनिटांत काय सांगावे? शिवाय मायक्रोफोन एका जागी उभा, आणि नाचणारे तर वर्तुळात फिरणारे. चाळांचा आवाज कधी जवळ येई, कधी दूर जाई. म्हणून नाचणाऱ्यांस बाहेर ठेवून गाणाऱ्यांस तेवढे आत घ्यावयाचे, म्हणजे देहातून ठेका काढून घ्यावयाचा. भजनी मंडळ्यांवर तर १९४० साली निराळाच प्रसंग आला. हार्मोनियमचे बांधीव स्वर भारतीय संगीतास मानवत नाहीत, ह्या कारणास्तव त्या वर्षाच्या मार्चपासून ते वाद्य नभोवाणीवर बंद करण्यात आले. ह्या मतामागे जाणकारांची पुष्कळ मान्यता होती, हे खरे. परंतु कोकणातील वाडीत भजन म्हणजे पेटी, मृदंग आणि टाळ हे समीकरण तोवर पक्के झालेले होते. पुढे सुमारे तीस वर्षे ही बंदी कमी-अधिक टिकली. शास्त्राच्या न्यायासनापुढे ज्या पेटीचा निकाल लागला, तिचा वाडीतील मालक त्या खटल्यात पक्षकारच नव्हता.

येथे मुंबई केंद्राची बाजूही सांगितली पाहिजे. कोकणचा माणूस शोधण्यास त्या केंद्राला कोकणात जाण्याची गरज नव्हती. तो गिरणगावातच होता. रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे गिरण्यांत, गोदीत आणि घरकामावर लागली होती. कानांत बाळी घालणाऱ्या ह्या कुणबी मंडळींस मुंबईकर 'बाल्या' म्हणत, आणि त्यांच्या जाखडीस 'बाल्यानाच' हे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. चाळीतील खोल्यांत शक्ती-तुऱ्याचे फड जमले, भजनी डबलबाऱ्या रंगल्या आणि गणपतीस आगबोटीत बसून हीच मंडळी नवी पदे गावाकडे घेऊन गेली. नभोवाणीला आणि तबकडीच्या कंपन्यांना जे कोकण भेटले, ते असे मुंबईत स्थायिक झालेले कोकण होते. कामगारांसाठी नभोवाणीने जे कार्यक्रम केले, त्यांनी ह्या गायकांस पुष्कळ आधार दिला. पण भेट शहरात झाल्यामुळे गाण्याची तिथी सुटली. कोळीगीताचेच पाहावे. शहराने ते इतके उचलून धरले की, कवी-संगीतकारांनी नवी कोळीगीते रचली आणि ती घराघरांत गेली. त्यांतील कित्येक फार गोड आहेत. परंतु त्यांतला समुद्र बहुधा चांदण्यातला असतो. ज्यात जाळे फाटते, कर्ज वाढते आणि माणूस परत येत नाही, तो समुद्र त्यांत क्वचितच सापडतो.

ह्याच सुमारास हर्ण्यापासून फार दूर नसलेल्या दापोली तालुक्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी बायकांच्या तोंडच्या ओव्या वेचीत होते. त्यांचा 'स्त्री जीवन' हा संग्रह १९४० च्या सुमारास निघाला. स्वातंत्र्यानंतर डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे ह्या कामास मोठे रूप दिले. शब्द अशा रीतीने कागदावर उतरले. पण ओवीची चाल कागदावर उतरत नाही. ती उतरवून घेण्याचे साधन नभोवाणीपाशी होते, आणि नभोवाणी तर अजून मुंबईत होती.

१९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्यास नभोवाणीची सहा केंद्रे आली. देशाच्या भूमीपैकी शेकडा अडीच भाग आणि लोकसंख्येपैकी शेकडा अकरा माणसे एवढाच त्यांचा पल्ला. ह्यानंतर मराठी मुलखात केंद्रे वाढली. १९४८ साली नागपूर, १९५३ साली पुणे, १९६३ साली सांगली. नकाशा पुढे घेऊन पाहिले तर ही सारी केंद्रे सह्याद्रीच्या पूर्वेस आहेत. पश्चिमेस उत्तरेकडे मुंबई आणि दक्षिणेकडे पणजी. पणजीचे केंद्र पोर्तुगीजांनी १९४६ साली काढलेले. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली ते आकाशवाणीत आले. ह्या दोन टोकांमधील सारा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे त्या वेळचा मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंतचा लांबलचक पट्टा, स्वतःच्या आवाजावाचून राहिला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने रेडिओ ग्रामसभांचा जगभर गाजलेला प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावांत लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी त्याची योजना होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे त्यासाठी निवडले गेले. कोकण त्यांत नव्हते.

ह्या काळात दिल्लीस माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री एक महाराष्ट्रीय होते, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे त्यांनी हे खाते सांभाळले. चित्रपटगीतांस त्यांनी दार लावले, तेव्हा श्रोते सरळ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. ह्या प्रकरणात एक धडा आहे. श्रोता सुई फिरवू शकतो. त्यास जे हवे ते मिळाले नाही तर तो दुसऱ्या दाराशी जातो, आणि एकदा गेला म्हणजे आपण त्यास जे सांगू इच्छितो तेही ऐकावयास तो जागेवर नसतो. हा धडा किनाऱ्यावर किती महत्त्वाचा ठरतो, हे पुढे दिसेल.

साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि नभोवाणीचे रूपच पालटले. जड बॅटऱ्या गेल्या. हातात मावेल अशी पेटी दोन-चार लहान घटांवर बोलू लागली. जे यंत्र दिवाणखान्यातून हलत नव्हते, ते आता शेताच्या बांधावर गेले आणि होडीतही गेले. इतकी वर्षे हर्ण्याच्या वाळूवरून परत जाणाऱ्या लहरींस उतरून घेणारे हात मिळाले. आता प्रश्न एवढाच उरला की, त्या लहरींवरून बोलणार कोण?

त्याचे उत्तर १९७७ साली मिळाले. त्या वर्षी आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र सुरू झाले. वीस किलोवॅट शक्तीची ११४३ किलोहर्ट्झची त्याची मध्यमलहर पुढे कोकणातील श्रोत्यांच्या ओळखीची झाली. मुंबईच्या पहिल्या दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकापेक्षा ही शक्ती तेरा पटींहून अधिक, आणि हर्ण्यास तिचीही वाट समुद्रावरूनच. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, परंतु गाण्यास जिल्ह्याच्या सीमा नव्हत्या.

प्रादेशिक केंद्र निघाले म्हणजे नेमके काय घडते, हे शहरातील श्रोत्यास सहसा ठाऊक नसते. पहिली गोष्ट, ध्वनिपरीक्षा जवळ येते. नभोवाणीवर गावयाचे तर आधी परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यास श्रेणी मिळते. मुंबईस जाऊन ही परीक्षा देणे म्हणजे वाडीतील मंडळास दोन-तीन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च ह्यांवर पाणी सोडणे होते. रत्नागिरीस जाणे त्या मानाने सोपे. दुसरी गोष्ट, ध्वनिमुद्रणाचे यंत्र गावात जाऊ शकते. मंडळास चार भिंतींच्या खोलीत न आणता शिमग्याच्या मांडावर जाऊन खेळे मुद्रित करता येतात. मग गाण्याची तिथी आणि जागा पुष्कळशी शाबूत राहते, कुत्र्याच्या भुंकण्यासकट. तिसरी गोष्ट बोलीची. मुंबईहून बोलणारी भाषा ही पुस्तकी मराठी होती. रत्नागिरीच्या केंद्राला संगमेश्वरी बोली, मालवणी, किनाऱ्यावरील मुसलमान मच्छीमारांची कोकणी ह्या ऐकणाऱ्यांच्याच भाषा होत्या. आपल्या बोलीची लाज वाटण्याचे शिक्षण शाळांनी जितक्या कसोशीने दिले, तितक्याच सहजतेने ती लाज घालविण्याचे काम यंत्रातून येणारा घरचा शब्द करतो. चौथी गोष्ट, परगावी नावही ठाऊक नसलेला शाहीर आपल्या तालुक्यात नावाने ओळखला जाऊ लागतो, कारण गाण्याआधी निवेदक त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव घेतो. लोकगीत हे कोणा एकाचे नसते असे आपण म्हणतो. परंतु गाणारा कोणी तरी एकच असतो, आणि त्याचे नाव घेतले जाणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

ह्याचा अर्थ सर्व दोष नाहीसे झाले असा नाही. घड्याळ रत्नागिरीतही घड्याळच होते. लावणीचे गाणे पौषात आणि गौरीचे गाणे चैत्रात लागणे टळले नाही. श्रेणीची परीक्षा आली म्हणजे मंडळी परीक्षकास रुचेल असे गाऊ लागतात. उच्चार नीटनेटके होतात, कडवी आखीव होतात आणि ओबडधोबडपणाबरोबर थोडे रक्तही जाते. बायकांचे गाणे मायक्रोफोनसमोर येण्यास सर्वांत अधिक वेळ लागला, कारण ते कोणासमोर म्हणावयाचे नव्हतेच. तरीही एक गोष्ट निश्चित. ह्या केंद्राच्या पल्ल्यातील माणसास आपले गाणे प्रथमच पाहुण्याच्या मध्यस्थीशिवाय ऐकू आले.

आता हर्ण्याच्या दृष्टीने ह्यात काय गुंतलेले आहे, हे पाहू. समुद्रावर जाणाऱ्या माणसास नभोवाणीपासून सर्वांत मोठा लाभ कोणता, असे विचारले तर तो गाणे हे उत्तर देणार नाही. तो हवामानाची सूचना सांगेल. हवामान खात्याकडून येणारे मच्छीमारांसाठीचे इशारे किनाऱ्यावरील आकाशवाणी केंद्रे लोकांच्या भाषेतून ऐकवीत आली आहेत. समुद्र खवळणार आहे, वारा अमुक दिशेने अमुक वेगाने वाहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे दोन-चार वाक्यांचे ते निवेदन. कलेच्या इतिहासात त्यास स्थान नाही. पण ते ऐकावयाचे तर यंत्र चालू असले पाहिजे, आणि सुई त्याच केंद्रावर असली पाहिजे. दिवसभर केवळ इशाऱ्याची वाट पाहत कोणी यंत्र लावून बसत नाही. माणूस गाण्यासाठी यंत्र लावतो. इशारा त्याला त्या गाण्याच्या आधी किंवा नंतर गाठतो. सिलोनच्या प्रकरणातील धडा येथे उपयोगी पडतो. श्रोता दुसऱ्या दाराशी गेला तर दिवाणखान्यात एखादे भाषण वाया जाईल, पण होडीत माणूसच वाया जाईल. ग्रामीण कार्यक्रमात गाणे हे औषधाबरोबरचा गूळ म्हणून आले, असे वर म्हटले आहे. त्यात थोडा उपहास आहे, पण किनाऱ्यापुरता तो मागे घेतला पाहिजे. येथे गूळ आणि औषध वेगळे करता येत नाहीत.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावरून गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी खलाशी त्या वेळी समुद्रात होते, आणि त्यांतील अनेक परत आले नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास, म्हणजे हर्ण्याच्या उत्तरेस फार लांब नव्हे, किनाऱ्यास धडकले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले. कित्येक गावे दिवसानुदिवस अंधारात आणि बातमीवाचून राहिली. अशा वेळी दोन घटांवर चालणारी लहानशी पेटी आणि दूर उभा असलेला प्रक्षेपक ह्यांच्यामध्ये तारही लागत नाही आणि गावातला मनोराही लागत नाही.

परंतु त्या पेटीचे दिवस पालटले होते. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले होते. ऐंशीच्या दशकात ध्वनिफितींचा सुळसुळाट झाला आणि शक्ती-तुऱ्याचे सामने, डबलबाऱ्या, कोळीगीते बाजारात मिळू लागली. १९९७ साली प्रसारभारती स्थापन झाली. पुढे एफ.एम. आले. त्याचा आवाज स्वच्छ, पण त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की पलीकडील वाडी कोरडी राहते. देशातील कित्येक मध्यमलहरी प्रक्षेपक अलीकडच्या वर्षांत बंद करण्यात आले आहेत, कारण ते जुने झाले, विजेचे बिल मोठे, आणि ऐकणारे थोडे. आकाशवाणीची केंद्रे आता भ्रमणध्वनीवरूनही ऐकता येतात. त्यामुळे मुंबईतील चाकरमान्यास रत्नागिरीचे गाणे प्रथमच घरबसल्या मिळू लागले, हा मोठाच लाभ होय. पूर्वी मुंबईचा आवाज कोकणात जाई, आता कोकणचा आवाज मुंबईस येतो. पण हा लाभ ज्याच्याकडे मनोऱ्याचा संपर्क आहे त्याचा. किनारा सोडून दूर गेलेल्या होडीला तो नाही.

हिशेब करणारे ह्या ठिकाणी विचारतील की, थोड्या श्रोत्यांसाठी एवढा खर्च का करावा? १९३० साली कंपनी बुडाली तेव्हाही हाच प्रश्न होता, आणि १९३१ सालच्या हुकुमामागेही हाच होता. त्या वेळी काही हजार शहरी परवानाधारकांच्या आग्रहामुळे नभोवाणी वाचली. हर्ण्याच्या आणि तिच्यासारख्या शंभर बंदरांच्या श्रोत्यांस असा आग्रह धरण्याची सवय नाही. त्यांच्या वतीने तो आग्रह शहरातील सुशिक्षितांनी धरावयास हवा, कारण प्रादेशिक केंद्रांचे स्थानिक तास कमी करावेत की वाढवावेत, ह्याचे निर्णय शहरांतच होतात. आग्रह तीनच गोष्टींचा आहे. गावोगाव जाऊन मुद्रित केलेल्या फिती केंद्रांच्या कपाटांत असतील, त्या बुरशीने खाण्यापूर्वी नव्या साधनांवर उतरवून घ्याव्यात. स्थानिक बोलीतील कार्यक्रमांची जागा दूरच्या शहरातून आलेल्या कार्यक्रमांनी भरून काढू नये. आणि किनाऱ्यावर लांब पल्ल्याचा प्रक्षेपक बंद करताना खर्चाच्या रकान्याशेजारी समुद्रावरच्या माणसांचाही एक रकाना ठेवावा.

श्रावणात नारळी पौर्णिमा येते. त्या दिवशी कोळीवाड्यात गाणे होते, समुद्रास नारळ वाहिला जातो आणि पावसाळाभर काठावर ओढून ठेविलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. हर्ण्याच्या नाखव्याला त्या दिवशी गाणे ऐकण्यासाठी नभोवाणीची गरज नसते, ते त्याच्या तोंडीच असते. गरज पुढे लागते, होडी सुवर्णदुर्ग मागे टाकून बाहेर गेल्यावर.